किडनीतला वण: मधुमेहात दुरुस्ती कुठे चुकते

क्रिएटिनिन, म्हणजे किडनीने बाहेर टाकायचा स्नायूंतला कचरा, रक्तात १.१ आलं की घरात सगळ्यांना हायसं वाटतं. हाच आकडा पंचवीस वर्षांच्या मुलाचा असेल तर २०२१ च्या सीकेडी-एपीआय सूत्राने त्याचा ईजीएफआर, म्हणजे किडनीचा गाळण्याचा वेग, साधारण ९५ येतो. साठ वर्षांच्या बाईचा असेल तर जेमतेम ५७. लॅबच्या कागदावर दोघांच्याही आकड्यापुढे ‘नॉर्मल’ छापलेलं असू शकतं. सोलापुरात उपाशीपोटीची आणि जेवणानंतरची शुगर नेमाने तपासणारे पुष्कळ आहेत, पण लघवीतला अल्ब्युमिन, म्हणजे रक्तातून गळून आलेलं प्रोटीन, तपासून घेणारे फार थोडे. क्रिएटिनिन हलेपर्यंत आत वण धरायला लागलेला असतो. तो कसा धरतो हे नीट कळलं, तर कोणतं औषध, कधी आणि कशासाठी, हे समजायला सोपं जातं.

सुरुवात ओझ्यापासून करू. दोन्ही किडन्यांत मिळून सुमारे २० लाख नेफ्रॉन, म्हणजे गाळणी आणि तिला जोडलेली नळी असे सूक्ष्म घटक, असतात आणि ते दिवसाला साधारण १८० लिटर द्रव गाळतात. रक्तातली साखर १०० असेल तर या द्रवातून १८० ग्रॅम ग्लुकोज नेफ्रॉनच्या नळीत उतरतं, आणि नळी ते जवळजवळ सगळं परत शोषून घेते. साखर २५० असेल तर तेवढ्याच द्रवात ४५० ग्रॅम ग्लुकोज येतं. हे शोषण्याचं सुमारे ९० टक्के काम नळीच्या पहिल्या भागातला एसजीएलटी२ नावाचा पंप करतो. मधुमेहात नळीची वाढ होते, पंप वाढतात, आणि शरीराला बाहेर टाकायला हवी ती साखर किडनी आणखी जोमाने परत आत घेते.

हा पंप ग्लुकोजबरोबर सोडियमही ओढतो. सगळी गडबड इथून सुरू होते. नळीच्या पुढच्या टप्प्यावर मॅक्युला डेन्सा नावाच्या पेशी मिठाचं प्रमाण मोजत बसलेल्या असतात. त्यांच्यापर्यंत मीठ कमी पोहोचलं की गाळणं मंदावलं आहे असा अर्थ त्या लावतात. मग अ‍ॅडेनोसिनचा इशारा कमी होतो आणि ग्लोमेरुलसमध्ये, म्हणजे नेफ्रॉनच्या गाळणीत, रक्त आणणारी धमनी सैल पडते. रक्त बाहेर नेणारी धमनी मात्र अँजिओटेन्सिन-२ या धमन्या आवळणाऱ्या संप्रेरकामुळे आवळलेली असते. येणारं तोंड उघडं आणि जाणारं अरुंद, त्यामुळे मधल्या केशिकांच्या पुंजक्यात दाब चढतो. या काळात ईजीएफआर वाढलेला, १३० किंवा १४०, दिसू शकतो. तो किडनी जोमात असल्याचा पुरावा नव्हे, ती जादा दाबाखाली चाललेली आहे. बॅरी ब्रेनर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८२ मध्ये हेच मांडलं होतं: नेफ्रॉनवरचा जादा दाब आणि जादा गाळणं हेच पुढे नेफ्रॉन मारतं, आणि एक मेला की त्याचा भार उरलेल्यांवर पडतो.

बाहेरचं बीपी १३० च्या आत असलं तरी आतला हा दाब वाढलेला असू शकतो. दंडाला पट्टा बांधून तो मोजता येत नाही.

आता पेशीच्या आत बघू. स्नायूंची पेशी इन्सुलिन असल्याशिवाय फारसं ग्लुकोज आत घेत नाही. ग्लोमेरुलसमधल्या केशिकांना आधार देणाऱ्या मेसँजियल पेशी आणि रक्तवाहिन्यांच्या अस्तराच्या पेशी यांना तसं दार बंद करता येत नाही. बाहेर साखर वाढली की आतही वाढते. मायकेल ब्राउनली यांनी २००१ मध्ये या नुकसानीचं एकत्रित चित्र मांडलं. मायटोकाँड्रियात सुपरऑक्साइड जास्त तयार होतो, तो ग्लुकोज जाळण्याच्या वाटेवरचं एक एन्झाइम अडवतो, आणि अडलेली साखर चार आडवाटांना लागते: पॉलिऑल, हेक्सोसअमाइन, प्रोटीन कायनेज-सी आणि एजीई. वणाच्या दृष्टीने शेवटच्या दोन वाटा महत्त्वाच्या. प्रोटीन कायनेज-सी टीजीएफ-बीटाचं, म्हणजे पेशींना वण विणायला सांगणाऱ्या संदेश-रेणूचं, उत्पादन वाढवतं. एजीई म्हणजे साखर चिकटून कायमचे बदललेले प्रोटीन. ते कोलॅजेनच्या, म्हणजे वण ज्या प्रोटीनने विणला जातो त्याच्या, तंतूंना एकमेकांशी असे जोडतात की ते तोडणारी एन्झाइम्स हतबल होतात. जुना वण नव्या वणापेक्षा चिवट असण्याचं हे एक खरं कारण आहे.

ग्लोमेरुलसमध्ये दिसणारे बदल ओळीने सांगता येतात. आधी गाळणीचा पडदा, म्हणजे बेसमेंट मेम्ब्रेन, जाड होतो. मग मेसँजियममध्ये कोलॅजेन-४ आणि फायब्रोनेक्टिन साचतं. काही रुग्णांत त्याच्या गाठी होतात, त्यांचं वर्णन किमेलस्टील आणि विल्सन यांनी १९३६ मध्ये केलं. पडद्याच्या बाहेरच्या अंगाला पोडोसाइट नावाच्या पेशी बसलेल्या असतात आणि त्यांच्या फाट्यांमधल्या फटीत नेफ्रिन हे प्रोटीन असतं. दाबाने ताणून, अँजिओटेन्सिनने आणि साखरेने या पेशी सुटतात आणि लघवीतून वाहून जातात. पोडोसाइट विभागून नवी तयार होत नाही. गेलेल्या पेशीची जागा रिकामी राहते आणि तिथून अल्ब्युमिन गळतो. लघवीतला फेस हा या कथेतला बराच उशिराचा टप्पा आहे; पहिल्या गळतीत फेस दिसत नाही.

इथवर बहुतेक लेख थांबतात. पण डायलिसिसपर्यंत कोण पोहोचणार हे ग्लोमेरुलसपेक्षा नळ्यांच्या भोवतालच्या जागेवर, म्हणजे इंटरस्टिशियममध्ये किती वण धरला आहे यावर जास्त ठरतं. बायोप्सीत या जागेतला फायब्रोसिस, म्हणजे वण, आणि ईजीएफआर यांचं नातं घट्ट सापडतं. माझ्या मते खरी लढाई इथेच आहे, म्हणून इथे थोडं रेंगाळतो.

नळीची पेशी शरीरातल्या सगळ्यात कष्टाळू पेशींपैकी एक. तिचं मुख्य इंधन ग्लुकोज नसून फॅटी अ‍ॅसिड आहे. २०१५ मध्ये दाखवलं गेलं की वण धरलेल्या किडनीत या पेशींची फॅटी अ‍ॅसिड जाळण्याची क्षमता खालावते, आतमध्ये चरबीचे थेंब साचतात, आणि ही क्षमता परत आणली तर उंदरांत फायब्रोसिस कमी होतो. मधुमेहात याच पेशीला एका बाजूने जादा ग्लुकोज आणि सोडियम ओढायचं काम असतं, दुसऱ्या बाजूने गळलेला अल्ब्युमिन गिळायचा असतो, आणि ऑक्सिजनचा पुरवठा तेवढाच. दमलेली पेशी मरते, किंवा पेशीविभाजनाच्या जी२ आणि एम टप्प्यांमध्ये अडकून पडते. अडकलेली पेशी गप्प बसत नाही. ती टीजीएफ-बीटा, सीटीजीएफ आणि एमसीपी-१ हे वण आणि दाह वाढवणारे रेणू सोडत राहते. एमसीपी-१ च्या हाकेवर मॅक्रोफेज या दाहाच्या पेशी येतात आणि तेही टीजीएफ-बीटा ओततात.

टीजीएफ-बीटा१ तयार झाल्या झाल्या कामाला लागत नाही. तो एका आवरणात बंद असतो आणि पेशींबाहेरच्या जाळ्याला बांधून ठेवलेला असतो. थ्रोम्बोस्पाँडिन-१ किंवा नळीच्या पेशीवरचा अल्फा-व्ही-बीटा-६ इंटिग्रिन तो मोकळा करतो. मोकळा झालेला रेणू प्रथम टाइप-२ रिसेप्टरला चिकटतो, तो रिसेप्टर शेजारच्या अल्क-५ या रिसेप्टरला जागा करतो, अल्क-५ स्मॅड२ आणि स्मॅड३ या निरोप पोहोचवणाऱ्या प्रोटीनांवर फॉस्फेट चढवतो, आणि हे दोघे स्मॅड४ ला घेऊन केंद्रकात शिरतात. तिथे कोलॅजेन-१, कोलॅजेन-३ आणि फायब्रोनेक्टिनची जनुकं चालू होतात. सोबत पीएआय-१ चं जनुकही चालू होतं, आणि ते प्लाझ्मिन या जाळं मोडणाऱ्या एन्झाइमला अडवून तयार झालेलं जाळं मोडू देत नाही. म्हणजे माल वाढतो आणि उचल थांबते. स्मॅड७ हा या साखळीचा आतला ब्रेक आहे. आजारी किडनीत तोच कमी पडतो.

कोलॅजेन प्रत्यक्ष विणणारी पेशी म्हणजे मायोफायब्रोब्लास्ट. ती कुठून येते यावर वर्षानुवर्षं वाद होता. नळीचीच पेशी रूप बदलते, असं पूर्वी मानलं जाई. २०१३ मध्ये उंदरांत वंशावळ शोधून केलेल्या मोजणीत हा वाटा फक्त ५ टक्क्यांच्या आसपास निघाला. २०२१ मध्ये माणसाच्या किडनीतल्या एकेका पेशीचं जनुकवाचन झालं, तेव्हाही मुख्य बोट जागच्याच फायब्रोब्लास्ट आणि पेरिसाइट पेशींकडे गेलं. पेरिसाइट सूक्ष्म केशिकांना आधार देतात. त्या कोलॅजेन विणायला निघून गेल्या की केशिका कोसळतात, ऑक्सिजन आणखी घटतो, आणि नळ्या आणखी दमतात. चक्र पूर्ण झालं.

कातडीवरच्या जखमेत काम संपलं की मायोफायब्रोब्लास्ट मरून जातात. यंत्रमागावर बाण्याचा धागा तुटला की माग आपसूक थांबतो, तशी ही सोय. किडनीत जखम रोज नव्याने होत असते, म्हणून थांबण्याचा इशारा कधी येतच नाही. साचलेलं कडक जाळं स्वतःच पेशींना ताणून ‘विणत राहा’ असा संदेश देऊ लागतं.

मग टीजीएफ-बीटाच बंद करून टाकला तर? हा विचार स्वाभाविक होता. १९९० मध्ये उंदरांच्या किडनीदाहात टीजीएफ-बीटाविरोधी सीरम देऊन साचणारं जाळं रोखता आलं होतं. माणसांत मात्र मधुमेही किडनीविकारात टीजीएफ-बीटा१ विरोधी अँटिबॉडी नेहमीच्या औषधांच्या जोडीला देऊन बघितली, तेव्हा क्रिएटिनिनची वाढ रोखली गेली नाही आणि चाचणी मुदतीआधीच थांबवावी लागली. तो अहवाल २०१७ चा. कारणं समजण्यासारखी आहेत. हाच रेणू दाह आवरण्याचंही काम करतो. टीजीएफ-बीटा१ नसलेले उंदीर जन्मानंतर काही आठवड्यांतच अनेक अवयवांतल्या दाहाने मरतात. शिवाय वरून दाब, साखर आणि अल्डोस्टेरॉन (शरीरात मीठ धरून ठेवणारं संप्रेरक) चालूच असतील तर खालचा एक नळ बंद करून काय होणार? ‘वण विरघळवणारं’ म्हणून काहीही विकायला कोणी आलं, तर हा निकाल लक्षात ठेवावा.

जी औषधं टिकली ती सगळी प्रवाहाच्या वरच्या अंगाला काम करतात.

एसीई इन्हिबिटर किंवा एआरबी, म्हणजे रॅमिप्रिल, लोसार्टन, टेल्मिसार्टन वगैरे, बाहेर नेणारी धमनी सैल करतात आणि अँजिओटेन्सिनमुळे होणारा टीजीएफ-बीटाचा स्राव कमी करतात. पुरावा १९९३ पासूनचा (कॅप्टोप्रिल) आणि २००१ चा (लोसार्टन आणि इर्बेसार्टन). लघवीतून अल्ब्युमिन जात असेल तर डोस सोसेल तितका वरपर्यंत न्यायचा असतो. बीपी आटोक्यात आलं म्हणून सगळ्यात लहान गोळीवर थांबणं ही नेहमीची चूक. सुरू केल्यावर किंवा डोस वाढवल्यावर २ ते ४ आठवड्यांत क्रिएटिनिन आणि पोटॅशियम बघायचं. क्रिएटिनिन ३० टक्क्यांपर्यंत वाढलं तर गोळी बंद करायची नाही, दाब उतरल्याचीच ती खूण असते. त्याहून जास्त वाढलं तर शरीरात पाणी कमी आहे का, दुखण्याच्या गोळ्या चालू आहेत का, किडनीची धमनी अरुंद आहे का, हे शोधायचं. एसीई इन्हिबिटर आणि एआरबी एकत्र देऊ नयेत. तो प्रयोग वाढलेलं पोटॅशियम आणि किडनीला झालेल्या अचानक इजा यांमुळे मुदतीआधीच थांबवला गेला; त्याचा अहवाल २०१३ चा.

एसजीएलटी२ इन्हिबिटर थेट त्या पंपावर बसतात. मीठ पुढे मॅक्युला डेन्सापर्यंत पोहोचतं, रक्त आणणारी धमनी पुन्हा आवळते, दाब उतरतो, आणि नळीचं ओझंही हलकं होतं. २०१९ मध्ये कॅनाग्लिफ्लोझिनने किडनी निकामी होण्यासारख्या घटनांचा धोका ३० टक्क्यांनी कमी केला, २०२० मध्ये डॅपाग्लिफ्लोझिनने ३९ टक्क्यांनी, आणि त्या दुसऱ्या चाचणीत सुमारे एक तृतीयांश लोकांना मधुमेह नव्हताच. म्हणजे फायदा केवळ साखर कमी होण्याचा नाही. ईजीएफआर २० पर्यंत हे औषध सुरू करता येतं. पहिल्या काही आठवड्यांत ईजीएफआर ३ ते ५ ने खाली येतो, तो अपेक्षितच आहे. डॅपाग्लिफ्लोझिनचं पेटंट भारतात २०२० मध्ये संपलं आणि एम्पाग्लिफ्लोझिनचं मार्च २०२५ मध्ये, त्यामुळे ‘परवडत नाही’ हे कारण आता पूर्वीइतकं खरं राहिलेलं नाही.

फिनरेनोन अल्डोस्टेरॉनच्या रिसेप्टरला अडवतं, म्हणजे दाह आणि वण यांच्या सगळ्यात जवळ जाऊन काम करतं. २०२० च्या चाचणीत ५,६७४ रुग्णांमध्ये किडनीच्या घटना १८ टक्क्यांनी घटल्या. पोटॅशियम ४.८ किंवा त्याहून कमी असताना सुरुवात करणं सुरक्षित. ईजीएफआर ६० च्या खाली असेल तर रोज १० मिलिग्रॅम, वर असेल तर २०. चार आठवड्यांनी पोटॅशियम, आणि ते ५.५ च्या वर गेलं तर औषध थांबवायचं. चौथं नाव सेमाग्लुटाइड: २०२४ च्या चाचणीत त्याने किडनीच्या मोठ्या घटना २४ टक्क्यांनी घटवल्या.

हे सगळं कधी सुरू करायचं ते ठरतं लघवीतल्या अल्ब्युमिन-क्रिएटिनिन गुणोत्तरावर, म्हणजे एसीआरवर. टाइप-२ मधुमेहात निदानाच्या दिवशीच आणि मग दरवर्षी, टाइप-१ मध्ये पाच वर्षांनंतर दरवर्षी. सकाळची पहिली लघवी, मधली धार, स्वच्छ डबीत. ताप, लघवीतला जंतुसंसर्ग, मासिक पाळी किंवा आदल्या दिवशीची दमवणारी मेहनत असेल तर नमुना पुढे ढकला, नाहीतर आकडा खोटा वाढतो. एसीआर मिलिग्रॅम प्रति ग्रॅममध्ये ३० च्या खाली ठीक, ३० ते ३०० म्हणजे गळती सुरू, ३०० च्या वर म्हणजे जोरात. ३० च्या वर आलं तर तीन ते सहा महिन्यांत पुन्हा तपासा. तीनपैकी दोन वेळा वाढलेलं असेल तरच निदान पक्कं.

लॅबला सांगताना ‘एसीआर’ असंच सांगा. नुसतं ‘मायक्रोअल्ब्युमिन’ म्हटलं तर काही ठिकाणी मिलिग्रॅम प्रति लिटर एवढाच आकडा मिळतो. एप्रिल-मेमध्ये सोलापूरचा पारा चाळिशी ओलांडतो, लघवी घट्ट होते, आणि तोच अल्ब्युमिन प्रति लिटर जास्त दिसतो. भरपूर पाणी प्यायल्यावर कमी दिसतो. क्रिएटिनिनने भागलं की ही फसगत टळते. साधी पट्टी बुडवून केलेली तपासणी ‘निल’ आली म्हणून निर्धास्त राहू नका. सुरुवातीची गळती तिच्या नजरेत येत नाही.

उन्हाळ्याचा दुसरा धोका औषधांशी जोडलेला आहे. उलट्या, जुलाब किंवा अजिबात खाणं-पिणं होत नसेल त्या दिवशी एसजीएलटी२ इन्हिबिटर, मेटफॉर्मिन, एसीई किंवा एआरबी, फिनरेनोन आणि लघवीच्या गोळ्या थांबवाव्यात, आणि जेवण-पाणी पूर्ववत झाल्यावर २४ ते ४८ तासांनी पुन्हा सुरू कराव्यात. इन्सुलिन मात्र पूर्ण बंद करू नये. हे तुमच्या डॉक्टरांकडून आधीच चिठ्ठीवर लिहून घ्या, कारण आजारी दिवशी विचारायला वेळ नसतो. एसजीएलटी२ इन्हिबिटरवर असताना कडक निर्जळी उपवास केला तर साखर फारशी न वाढताही कीटोअ‍ॅसिडोसिस, म्हणजे रक्तात कीटोन हे आम्ल साचणं, होऊ शकतो. मळमळ, पोटदुखी, धाप लागली तर शुगर २०० च्या खाली आहे म्हणून घरी बसू नका, कीटोन तपासा. एकादशी पाळणाऱ्यांनी आणि पंढरपूरला चालत जाणाऱ्यांनी हे आधी विचारून घ्यावंच. मोठ्या ऑपरेशनच्या तीन दिवस आधीही हे औषध बंद करतात.

मागावर उभं राहून किंवा विड्या वळत बसून कंबर-मान धरते आणि डायक्लोफिनॅक, असिक्लोफिनॅकची गोळी रोजची होऊन जाते. या गोळ्या प्रोस्टाग्लँडिन अडवून रक्त आणणारी धमनी आवळतात. बाहेर नेणारी धमनी एआरबीने आधीच सैल आहे आणि लघवीच्या गोळीने पाणीही कमी आहे, अशा वेळी दोन-चार दिवसांत क्रिएटिनिन दुप्पट होऊ शकतं. दुखण्यासाठी पॅरासिटामॉल घ्या.

मीठ दिवसाला ५ ग्रॅम, म्हणजे सपाट एक चमचा, आणि त्यात शेंगाचटणी, पापड, लोणचं सगळं आलं. जादा मिठात एआरबीचा अल्ब्युमिनवरचा परिणाम बोथट होतो, म्हणून हा आकडा औषधाइतकाच महत्त्वाचा. शेंगाचटणी सोडायची गरज नाही, बिनमिठाची कुटून घ्या. पण पोटॅशियम वाढलेलं असेल तर शेंगदाणे मोजून खा, १०० ग्रॅममध्ये सुमारे ७०० मिलिग्रॅम पोटॅशियम असतं. ‘लो सोडियम’ मीठ मात्र टाळा. त्यात पोटॅशियम क्लोराइड असतं आणि एआरबी किंवा फिनरेनोनबरोबर ते धोक्याचं ठरतं. प्रथिनं किलोमागे ०.८ ग्रॅम, म्हणजे ६० किलोच्या माणसाला ४८ ग्रॅम. भाकरी-आमटी-दह्यात ती सहज बसतात, वरून प्रोटीन पावडर नको. पाऱ्याची भस्मं घेणाऱ्यांत मेम्ब्रेनस नेफ्रोपॅथी हा निराळाच किडनीविकार भारतीय रुग्णांत नोंदला गेला आहे, तीही नकोत.

एकदा धरलेला वण परत जातो का, हा प्रश्न नेहमी येतो. याचं सगळ्यात भक्कम उत्तर १९९८ मधलं आहे. टाइप-१ मधुमेहाच्या आठ रुग्णांमध्ये स्वादुपिंडाचं प्रत्यारोपण होऊन साखर पूर्ण नॉर्मल झाली. पाच वर्षांनी केलेल्या बायोप्सीत किडनीतले बदल तसेच होते. दहा वर्षांनी मात्र जाड झालेले पडदे पातळ झाले होते आणि मेसँजियममधला साठा ओसरला होता. म्हणजे जाळं मोडण्याची यंत्रणा जिवंत असते, तिला वर्षानुवर्षं लागतात, आणि तेवढा काळ वरून येणारा मारा थांबलेला असावा लागतो. कोलमडून मेलेला नेफ्रॉन मात्र परत उगवत नाही.

मधुमेह्याच्या किडनीत बिघडलेलं सगळं मधुमेहामुळेच असतं असंही नाही. डोळ्याच्या पडद्यावर काहीच बदल नसताना भरपूर अल्ब्युमिन जात असेल, लघवीत रक्तपेशी असतील, सूज अचानक आली असेल किंवा ईजीएफआर काही आठवड्यांत घसरला असेल तर नेफ्रॉलॉजिस्ट बायोप्सी सुचवतात, आणि ती टाळू नये. सापडलेला आजार कदाचित निराळ्या औषधाने बरा होणारा असेल. अहवाल हातात आला की पहिल्या ते चौथ्या वर्गाचा आकडा सगळे बघतात, तो ग्लोमेरुलसचा असतो. त्याखाली आयएफटीए असं लिहिलेलं असतं, तेही वाचा. नळ्यांभोवतीचा वण आणि सुकलेल्या नळ्या यांचा तो अंदाज आहे: काहीच नसेल तर ०, २५ टक्क्यांच्या खाली १, २५ ते ५० टक्के २, आणि ५० च्या वर ३. पुढच्या भेटीत डॉक्टरांशी बोलताना हा आकडा समोर ठेवा.